खाजेची वही

सोमवार, ५ मे १९८६. भांडुप.

मालू, ही वही शेवटी तुझ्याकडे गावी यायची आहे, म्हणून आधीच सांगते. वाचून कुठे ठेवलीस ते विसरू नको. गेल्या मे महिन्यात माझा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवलास आणि तीन दिवस मलाच म्हातारी म्हणून हसलीस.

मी सांगते, तुझी भाची नीता लिहिते. तुझ्या भावाने पोरीला शिकवलं ते आजीची लघवी मोजायला. आज स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, किती वेळा जाता, खाज कधी येते, पाणी किती पिता, सगळं रोज लिहून आणा. रोजच्या हिशेबात लघवीला नीता नुसतं ‘ल.’ लिहिते. तिला लाज वाटते.

लघवीच्या जागी खाज. दीड महिना झाला. जाऊन आल्यावर जळतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. पुरुषमाणूस, काय सांगणार. ‘पोटात जळतं’ म्हटलं. त्यांनी गुलाबी औषध दिलं. पंधरा दिवस प्यायले. पोट झकास झालं.

ल. ३. खाज दिवसभर. पाणी एक तांब्या.

मंगळवार, ६ मे

काल बाईंनी विचारलं, “काय काय लावलंत?” मी सांगत गेले. तुरटीचं पाणी. मग कडुलिंबाचं. मग सोड्याचं. मग जखम धुवायचं ते वासाचं औषध, मगभर पाण्यात टोपणभर. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“आजी, फरशी पुसायला काही उरलं का?”

म्हणाल्या, वय झालं की तिथली कातडी सुकते, पातळ होते. त्यात ही औषधं ओतून तुम्ही ती सोलून काढलीत. काही लावायचं नाही. साबणसुद्धा नाही. नुसत्या पाण्याने, पुढून मागे धुवायचं. आत सैल सुती कपडा. पाणी भरपूर. लघवी धरून ठेवायची नाही. जंतूंसाठी गोळ्या, आठवडाभर. आणि साखरेमुळेही अशी खाज येते, म्हणून लघवी तपासायची.

काही न लावणं हा उपाय मला पटत नाही. पण करते.

पाणी कमी पिते त्याचं खरं कारण त्यांना सांगितलं नाही. संडास चाळीच्या टोकाला, आणि बायकांकडची कडी तुटलेली. चारनंतर मी पाणी पीतच नाही. (आजी म्हणाली हे लिहू नको. लिहिलं.)

ल. ३. खाज आहेच.

गुरुवार, ८ मे

सकाळची पहिली लघवी न्यायची होती. बाटली कुठली? तू गावाहून मध पाठवला होतास ती छोटी, काचेची. मध संपत आलेला. नीता म्हणाली, “दोनदा धुते.” मी म्हटलं, “एकदाच विसळ गो, नळ गेलाय, पिंप अर्धं आहे.”

कंपाउंडरने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले, दिव्यावर धरलं. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी. मला रंग वाचता येतात. ह्यांच्या वेळी हाच रंग होता.

बाई म्हणाल्या, “साखर दिसतेय. गोड आजपासून बंद.”

काही वाटलं नाही. ह्यांचं आधी बोट कापलं. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत. मग ते गेले. गिरणीत साच्यासमोर सगळं आयुष्य उभा राहिलेला पाय, कुठे टाकला ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नीता लिहिताना रडली. म्हटलं वही ओली करू नको, बाईंना वाचायचीय.

बाटली परत आणली. धुऊन खिडकीत पालथी ठेवली, टोपण बाजूला.

शनिवार, १० मे

बिनसाखरेचा चहा. गरम पाणी पितेय असं वाटतं.

खाज कमी आहे. सकाळी आणि एकदा दुपारी, बस. जळजळ नाही. औषधं ओतणं थांबवलं म्हणून, की गोळ्यांनी, काय माहीत. नीता संडासाबाहेर उभी राहून दार ओढून धरते. तिथूनच विचारते, “आजी, झालं?” सगळ्या चाळीला हिशेब कळतो.

नीताने विचारलं, “पप्पांना सांगू?” नको म्हटलं. ह्यांच्या वेळी पायाची पट्टी तोच बदलायचा.

दुपारी मोरीशी बसून राहिले. ह्यांच्या लघवीला मोरीत मुंग्या लागायच्या. आज मुद्दाम मोरीतच गेले, तर एकही नाही. बराच वेळ बसले. मुंग्या नाहीत म्हणजे साखर...

ल. ६. पाणी चार तांबे.

सोमवार, १२ मे

मुंग्या आल्या. मोरीत नाही, खिडकीत. बाटलीकडे ओळ लागलीय.

मी म्हटलं, झालं, धुऊनही येतात. नीता वाकून बघत बसली. मग म्हणाली, “आजी, ह्या बाटलीत जातच नाहीयेत. टोपणात जातायत.”

टोपणाच्या आत पुठ्ठ्याची चकती असते. तिने पिनेने उचकटली. खाली मध. तुझा, मालू. चांगला घट्ट.

“वाट लागली आजी, आपण त्यांना मध तपासायला दिला.”

ती हसत सुटली. मी तिच्याकडे बघत होते. मग तिनेच विचारलं, “आजी, तुला बरं नाही वाटलं?” बरं वाटायला हवं होतं खरं. हात धुतले, भात लावला.

मंगळवार, १३ मे

बाईंना टोपण दाखवलं. वाटलं हसतील. नाही हसल्या.

“म्हणजे ती तपासणी फुकट. पण साखर नाहीच, असं मी म्हणत नाही आजी. असूही शकते. आता रक्त तपासू. उपाशी पोटी या.”

वही चाळली. म्हणाल्या, “पाणी वाढलंय, खाज उतरलीय. असंच चालू ठेवा. आणि ती कडी बसवून घ्या.” नीताने लिहिलेलं वाचलं वाटतं.

गुरुवार, १५ मे

रक्त दिलं. कागद शनिवारी मिळेल. तोवर चहा फिकाच.

ल. ७. खाज पहाटे एकदा, थोडी. पाणी सहा तांबे. कडी अजून तशीच.

शेजारचे परब उद्या गावी निघतायत, म्हणून वही त्यांच्याकडे देते. कागदाची वाट बघत नाही. गेल्या गणपतीत न्हाणीत तू मला सांगितलं होतंस, तुलाही अशी खाज होते म्हणून. नंतर बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. नीताला ते पान पुन्हा गिरवायला सांगितलंय, काय लावायचं नाही ते. आणि लघवी तपासायला दिलीस तर बाटली उकळून घे, टोपणासकट.

परब पुढच्या आठवड्यात परत येतील. त्यांच्याकडे कुळथाचं पीठ दे, शेरभर. थोडी कोकमाची सोलं. मध नको. आंब्याच्या रसाचं वाळवलेलं साठ एकच दे, पण वेगळ्या कागदात, वरून दोरा बांधून. दोरा मी सोडायचा की नीताच्या हातात तसंच द्यायचं, ते शनिवारनंतर बघू.