चष्मा घरी राहिला

मंगळवार, दिवेलागण

विद्या, वार घातलास का? काल विसरलीस. सून शिकलेली म्हणून मी सांगेन ते लिहायला वही दिली, तर ही तऱ्हा!

मला वाचता येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. फोनवरची अक्षरं मुंगीएवढी. कुणी वाचायला सांगितलं की "चष्मा घरी राहिला" म्हणायचं, सुटायचं. मुक्ताला, माझ्या नातीला, ते खरं वाटलं. म्हणून तिने मोठा टॅब आणला. जड आहे, एका हातात मावत नाही, पण फोटो काय सुरेख दिसतात! अक्षरं मात्र बोराएवढी.

आज भजनी मंडळात गोदाताई म्हणाल्या, "अहो, आता चष्मा कशाला? अभंग तुम्हीच वाचा."

अभंग तोंडपाठ होता. टॅबकडे बघत म्हटला असता तरी भागलं असतं. सुचलंच नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा टॅब कसला, पोळपाट आहे! बोट लागलं की पान पळतं. दुकानदाराने नातीला फसवलंय."

मुक्ता मला न्यायला आलेली, दारातच उभी.

"उद्या परत करते, आजी," एवढंच बोलली. रिक्षाने मला घरी सोडलं आणि टॅब घेऊन गेली.

काय चुकलं होतं पोरीचं? चष्मा म्हणे घरी राहिला! या वयातही एवढी लाज वाटावी? वाटली खरी. आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते.

सकाळी ती दुकानात जायच्या आत फोन लावून दे. खरं काय ते मीच सांगेन. आणि खडकीला तिच्याकडे अळूवडीचे उंडे पाठव, नुसते उकडून. तळेल ती गरमागरम.