भोपळा, शववाहिका आणि मागचे ब्रेक

सायकमोर ओढा, केंटकी
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप रॉस्को दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, डेन्झिलचा, वाकून नमस्कार. (वाकलेला मी गुरुवारपासूनच आहे, सरळ होता येत नाही. तेव्हा नमस्कारात कुचराई झाली असं समजू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? मॉडीताईचा खोकला गेला का? करडी गाय व्यायली का, आणि व्यायली असेल तर स्वभावात काही फरक? तुमच्या घरचे, आणि सध्या घरात असलेले, सगळे खाऊनपिऊन सुखी असतील अशी आशा करतो. मी ठीक आहे. मला बीन्स शिजवता येतात. मक्याचा पाव करता येत नाही, हे आता मला आणि कुत्र्याला दोघांनाही कळलं आहे.

पत्र लिहायचं कारण असं की शनिवारच्या जत्रेबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल. लोक तिखटमीठ लावतात. ज्याच्या हातून घडलं त्यानेच सांगावं, म्हणजे निदान माझी बाजू कोणीतरी घेतली असं होईल.

माझ्या पिकअपचे मागचे ब्रेक वर्षभर कुरकुरत होते. दाबले की असा आवाज यायचा की ओढ्यापलीकडच्या गाई मान वर करायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. गाडी थांबायची, नेमकी कुठे, ते ती ठरवायची. (पाद्रीबाबांच्या टपालपेटीला मी दोनदा नवा खांब घालून दिला आहे, हे ते स्वतः सांगतील.) पण यंदा आमच्या सौ.चा, ओपलचा, भोपळा फारच मोठा झाला. तुम्हाला ठाऊकच आहे, कित्येक वर्षं ती जत्रेतल्या भोपळ्यांच्या स्पर्धेतून दुसऱ्या क्रमांकाची फीत घेऊन येते आणि ती फीत आणल्या आणल्या कपाटात तोंड फिरवून ठेवते. यंदा बी रुजल्यापासून तिने त्या भोपळ्याचं जे केलं ते माझं कोणी केलेलं नाही. उन्हात छत्री, गार वाऱ्याला गोधडी, वर रोज संध्याकाळी त्याच्याशी गप्पा. मी एकदा आडून ऐकलं. विषय मी होतो.

बुधवारी तिने सांगितलं, "डेन्झिल, डोंगर उतरताना तू ब्रेक मारशील आणि माझा भोपळा तुझ्याआधी जत्रेत पोहोचेल. गाडी गॅरेजला ने, नाहीतर मी दुसरी सोय बघते."

"गॅरेज कशाला? माझ्या बापाने जन्मभर ब्रेक घरीच बदलले."

"आणि तुझा बाप गेला कशाने?"

"न्यूमोनियाने."

"गाडी थांबायची वाट बघत गारठ्यात बसला असेल."

आता बापाचं नाव निघाल्यावर माणसाला मागे हटता येतं का, तुम्हीच सांगा. गुरुवारी सकाळी मी पिकअपचा मागचा भाग जॅकवर चढवला, खाली लाकडाचे ओंडके दिले आणि चाकं काढली. चाकामागे ड्रम असतो, म्हणजे जाड लोखंडी पातेलंच, आणि ब्रेक त्याच्या पोटात. तो गंजून असा बसला होता की जणू त्याला आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं. आधी मी त्याला हाताने समजावलं, मग हातोडीने, मग मोठ्या हातोडीने, मग शब्दांनी. शब्दांच्या वेळी ओपलने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. शेवटी तो निघाला तो अचानक, आणि मी त्याला मिठीत घेऊन पाठीवर पडलो. हेच पुन्हा दुसऱ्या बाजूला. काम एकसारखं व्हावं म्हणून मी दोन्हीकडचे ब्रेक पार सुटे केले आणि सगळं एकाच टोपलीत ओतलं. जाणकार म्हणतात की एक बाजू जुळलेली राहू द्यावी, ती बघून दुसरी जुळवता येते. हे जाणकार मला शुक्रवारी भेटले.

आत स्प्रिंगा फार असतात, दाजी, आणि सगळ्या रागावलेल्या असतात. नवे ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी, बसवून मी पहिलीच स्प्रिंग पकडीने ताणली, ती सुटली. माझ्या टोपीला चाटून, वाळत घातलेल्या चादरींमधून सरळ भोपळ्याकडे निघाली. (भोपळ्याला साधं भोक पडलं तरी परीक्षक त्याला बाद करतात.) ओपलने, संधिवात असलेल्या त्या बाईने, उडी मारून भोपळा अंगाखाली घेतला. स्प्रिंग तिच्या कमरेखाली बसली. मी धावत गेलो आणि विचारलं, "कुठे आहे?" तिला वाटलं, मी दुखणं विचारतोय. मी स्प्रिंग शोधत होतो. हा गैरसमज दूर व्हायला फार वेळ लागला नाही.

स्प्रिंग मिळाली, पण कुठली स्प्रिंग कुठे लागते हे आठवेना. शेजारच्या होबार्टकडे माझ्यासारखीच पिकअप आहे. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीत जरा डोकावू दे. होबार्ट दिलदार माणूस. म्हणाला, "डोकावतोस काय लेका, उघडूनच बघू!" शुक्रवारी सकाळी त्याचं डावं चाक उघडलं. सगळं स्वच्छ दिसलं, पण मला अडलं होतं उजवीकडे, आणि उजवीकडे सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं. म्हणून उजवंही उघडलं. ताडून पाहायला मी माझी टोपली घेऊन गेलो. होबार्टने त्याचे भाग काढून माझ्या टोपलीशेजारी मांडले. मग होबार्टच्या कुत्र्याला मांजर दिसलं. मांजर टोपलीतून गेलं, कुत्रा मांडणीतून गेला, आणि त्यानंतर कुठला भाग कुणाचा हे फक्त देवाला माहीत होतं.

देवाचं नाव घ्यायला आणि पाद्रीबाबा यायला एकच गाठ पडली. आमचा आवाज चढल्याचं ऐकून ते समेट घडवायला आले होते, आणि आले होते ते त्यांच्या पिकअपमधून. तीच गाडी, तेच साल, फक्त रंग सभ्य. आम्ही दोघं त्या गाडीकडे पाहत राहिलो. "बंधू डेन्झिल," ते सावधपणे म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे बघताय की माझ्या चाकांकडे?" मी म्हटलं, "पाद्रीबाबा, ज्ञान झाकून ठेवू नये असं तुम्हीच गेल्या रविवारी सांगितलंत." प्रवचन कुणीतरी ऐकलं होतं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः जॅक लावला.

तर शनिवारी सकाळी आमच्या ओढ्यावरच्या तिन्ही पिकअप मागचं अंग उचलून ओंडक्यांवर उभ्या होत्या. ओपल ओसरीवर आली. ठेवणीतला निळा झगा, केस बांधलेले, हातात पर्स. तिने एकेक गाडीकडे पाहिलं. मी म्हटलं, होबार्टचा ट्रॅक्टर आहे की. ती म्हणाली, ट्रॅक्टरने निघालं तर पुढच्या वर्षीच्या जत्रेला पोहोचू. आणि आत जाऊन तिने फोन केला.

मला वाटलं, रडायला फोन केला असेल. मी पुन्हा गाडीखाली शिरलो. थोड्या वेळाने ट्रॅक्टरची घरघर ऐकली, बायकांचं बोलणं ऐकलं, पण माझ्या तोंडात एक स्प्रिंग होती आणि हातात दोन. मग रस्त्यावरून काळी चकचकीत चाकं सावकाश जाताना दिसली. विल्मा स्टिडहॅमची शववाहिका. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. कुणाचं का असेना, माणूस हातातलं काम टाकून उठतो. मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो, टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. मनात म्हटलं, गेलं बिचारं कुणीतरी.

शववाहिका थांबली. काच खाली झाली. आत विल्माशेजारी ओपल बसली होती, आणि मागे, मखमली पडद्यांमध्ये, गोधडी पांघरलेला आमचा भोपळा.

"टोपी घाल डेन्झिल," ओपल म्हणाली. "मेलेलं कोणी नाहीये. अजून."

बाकीचं मला विल्मानेच सांगितलं. होबार्टच्या ट्रॅक्टरने उचललेला भोपळा आत जाईल की नाही अशी ओपलला धास्ती होती, तर विल्मा म्हणाली, "याहून रुंद माणसं नेली आहेत मी, आणि ती बिचारी तक्रार करत नाहीत." वाटेत समोरच्या गाड्या कडेला थांबल्या. मागच्या गाड्यांनी दिवे लावले आणि रांगेत आल्या. (पुढे निघून जाणं वाईट दिसतं.) डोंगर उतरेपर्यंत ही भली मोठी अंत्ययात्रा झाली होती. जत्रेच्या फाटकाशी बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. एक म्हातारी तर रडत होती, कोण गेलं असं तिला विचारलं तर म्हणाली, "नाव कळलं नाही, पण माणूस मोठा असणार." मग मागचं दार उघडलं.

पहिली फीत, दाजी. निळी. परीक्षक म्हणे बोलता बोलता गहिवरले.

आणि मी तिथे नव्हतो. मी दुपारभर होबार्ट आणि पाद्रीबाबांच्या मध्ये बसून टोपलीतले भाग वाटून घेत होतो. तिन्ही गाड्या संध्याकाळपर्यंत जुळल्या. एक स्प्रिंग उरली. ती आपली आहे असं कुणीच कबूल करेना, तेव्हा पाद्रीबाबांनी ती चर्चच्या दानपात्रात टाकली.

असो. गुडघ्याला शेक देत जा. मॉडीताईला साष्टांग.

तुमचा आज्ञाधारक,
डेन्झिल

ता. क. : ओपल शनिवारी जत्रेतून परस्पर मॉडीताईच्या गाडीत बसून तुमच्याकडे आली, हे मी पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. तरी हे पत्र ती स्वयंपाकघरात असताना मोठ्याने वाचावं. ती ऐकत नाही असं दाखवेल. भांडी घासायची थांबली तर ऐकते आहे असं समजावं आणि सावकाश वाचावं.

ता. क. २ : ब्रेक झाले आहेत. गाडी सांगितलं तिथे थांबते, शपथ. फक्त आत एक दातेरी चकती असते, ती गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की ब्रेक आपोआप आवळत नेते. माझ्या डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसली आहे, त्यामुळे दर वेळी ब्रेक सैल होतात. पुन्हा उघडायला सांगू नका. मी मागे न जाण्याचं ठरवलं आहे.

ता. क. ३ : तेव्हा येत्या शनिवारी ओपलला न्यायला येतो. तुमचं पुढचं फाटक आणि गोठ्यामागचं, दोन्ही उघडी ठेवा. मी एकातून शिरेन आणि दुसऱ्यातून निघेन. ओपलला म्हणावं, बॅग घेऊन मध्ये कुठेतरी उभी राहा. नसली उभी, तर मी वळसा घालून पुन्हा येईन. टाकी भरून घेतली आहे.