वायरलेस लॅपटॉपची वायर

रविवार, ९ नोव्हेंबर
स्वतःच्या हातांनी आजवर केलेल्या गोष्टी: चपलांचं तीनखणी कपाट. दाराची घंटा (दोनदा वाजते, एकदा दाबल्यावर, एकदा तिला वाटेल तेव्हा). स्टूल (बसण्यासाठी नव्हे). बेसिनवरचा आरसा, म्हणजे आरसा विकतचा, तिरका मी लावला. क्लास नाही, डिप्लोमा नाही. सगळं पाहून पाहून.

यादीत आज भर: मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स. जुनी सिस्टीम रडतखडत चालत होती, ती मुळासकट पुसली. नवी फुकट आहे आणि तिचं पोट उघडून कुणालाही आत हात घालता येतो. माझ्यासारख्यांसाठीच केलेली दिसते. मुलगी बाहेरून आली, तिने पडदा पाहिला. म्हणाली, बाबा, शनिवारी माझा इंटरव्ह्यू आहे, ऑनलाइन, ह्याच लॅपटॉपवर. म्हटलं, म्हणून तर केलं.

ता. क. वाय-फाय दिसत नाही. किरकोळ.

सोमवार, १०
निदान झालं. वाय-फायचं कार्ड आत आहे, पण त्याची आणि लिनक्सची ओळख नाही. ओळख करून देणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो. इंटरनेटला वाय-फाय लागतं. वाय-फायला ड्रायव्हर.
चहा घेतला.
ही म्हणाली, भावजींना विचारा की. भावजी म्हणजे माझे साडू, कॉम्प्युटर कंपनीत आहेत. साडूंना विचारून जगायचं असतं तर मी वेगळा जन्माला कशाला आलो असतो?

मंगळवार, ११
तोडगा निघाला. स्वयंपाकघरातल्या राउटरपासून मुलीच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत नेटवर्कची लांब वायर ओढली. इंटरनेट सुरू! आता ड्रायव्हर उतरवणं हातचा मळ.
ही म्हणाली, लॅपटॉपच उचलून ओट्यावर आणला असता तर? तांत्रिक माणसाला असे प्रश्न विचारू नयेत.
वायरीत पाय अडकून ही एकदा पडली, मुलगी दोनदा. मी सावध चालतो. मी एकदाच.

बुधवार, १२, सकाळ
काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या असतात. प्रत्येक आज्ञेआधी ‘सुडो’ लिहिलं की यंत्राला कळतं, हा मालक बोलतोय. घरात असा एखादा शब्द हवा होता.
पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला समजून उघडला, साफ केला, परत बसवला. मग वाचलं की उमटत नसतोच. एक स्क्रू उरला. जास्तीचा असावा.

बुधवार, दुपार
इंटरनेटवरच्या आठ वर्षांपूर्वीच्या एका पानावरच्या सतरा ओळी जशाच्या तशा उतरवल्या. वाय-फाय आलं नाही. स्पीकरचा आवाज मात्र गेला. काही का होईना, यंत्र प्रतिसाद देऊ लागलं.
मुलगी म्हणाली, बाबा, राहू द्या ना, वायरवर चालतंय तसं चालू दे. ह्या पिढीला ‘चालतंय’ एवढंच हवं असतं.
संध्याकाळी आवाज आपणहून परत आला. मी त्याला काही बोललो नाही.

गुरुवार, १३
विजय!! ड्रायव्हर स्वतः कंपाइल केला. दुकानात तयार शर्ट घेणं वेगळं आणि कापड आणून शिवणं वेगळं. वाय-फाय आलं. शेजाऱ्यांचंसुद्धा दिसतंय.
साडूंना सहज फोन केला, तब्येत विचारायला. तब्येत विचारायची राहून गेली. सगळं ऐकून ते म्हणाले, छान झालं, आता शनिवारपर्यंत कशालाही हात लावू नका. मत्सर!
लांब वायर आता निरुपयोगी. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली. टोकांची प्लास्टिकची बोंडं गाठीआड येत होती, ती कापून टाकली. यादीत आणखी एक वस्तू.

शुक्रवार, १४
सकाळी पडद्यावर सूचना: सिस्टीमचा गाभा नवा आलाय, अपडेट करायचा का? साडूंनी हात लावू नका म्हटलं होतं. त्यामुळे लगेच ‘हो’ दाबलं.
वाय-फाय गेलं.
कारण समजलं आहे, त्यामुळे काळजी नाही. ड्रायव्हर जुन्या गाभ्याच्या मापाने शिवला होता. नव्याला होत नाही. उसवून परत शिवायचा, एवढंच. त्यासाठी इंटरनेट लागेल. इंटरनेटसाठी वायर. वायरीवर दोन चादरी वाळत आहेत.
मुलीने आपला मोबाइल चार्जिंगला लावला. ही पुष्कळ बोलली.

शनिवार, १५
पहाटेपासून लॅपटॉपसमोर. इंटरव्ह्यू अकराचा. पावणेअकराला मुलगी इस्त्रीचे कपडे घालून दारात उभी. तिने तीनदा घड्याळ दाखवलं असं ही म्हणते. मी कसं पाहणार? माझे डोळे पडद्यावर होते. म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, बाबा, उठा.
उठलो.
तिने आपला मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला, मोबाइलमध्ये कुठेतरी बोट टेकवलं, आणि इंटरनेट सुरू. ड्रायव्हर नाही, सुडो नाही. ह्याला काय अर्थ आहे?
दाराबाहेर उभा राहून ऐकलं. त्यांनी विचारलं, एखाद्या कठीण ग्राहकाशी तुम्ही संयमाने वागलात असा प्रसंग सांगा. मुलगी बराच वेळ सांगत होती. पलीकडचे दोघं खोखो हसत होते. कुठला ग्राहक, ते कळलं नाही. फार हट्टी माणूस दिसतो.
नंतर विचारलं, ही मोबाइलची युक्ती कधी शिकलीस? म्हणाली, आधीपासून येते. मग सोमवारीच का नाही बोललीस? म्हणाली, तुम्ही इतके आनंदात होतात, बाबा.

रविवार, १६
मुलीची निवड झाली. ग्राहक-मदत विभाग. ह्या आठवड्यात तिला घरबसल्या जो सराव मिळाला तो कुणामुळे, हे कोणी बोललं नाही. मीही सुचवलं नाही, दोनदाच म्हटलं.
दुपारी हिने समोर बसवून घेतलं. म्हणाली, मुलीच्या लॅपटॉपला आणि घरातल्या राउटरला पुन्हा हात लावणार नाही असं कबूल करा, घरखर्चातून पैसे काढून दर महिन्याला देत जाईन. भावजीही वर भर घालायला तयार आहेत.
हाताची कला अशी विकायला काढत नसतात. साफ नाही म्हणालो. शेवटी ठरलं ते महिना पाचशे, साडूंचे धरून साडेसातशे.