वासितीसाठी तीन बेटं

५ जुलै
लग्नाला तीन आठवडे उरले. आजपासून रोजनिशी. निर्णय कागदावर असले की माणूस डगमगत नाही.

आज वासितीला शब्द दिला. हनीमूनची जागा मी निवडणार. दुसरं कोण निवडणार? आमच्या या बेटांच्या देशात, नांदी शहरातल्या हॉटेलात टूर डेस्कवर बसून नऊ वर्षं जगभरच्या नवराबायकोंना मी बेटं निवडून देतोय. ज्याला बोट लागते त्याला कधी लांब पाठवलं नाही. सासूला सोबत आणणाऱ्याला कधी एका खोलीचं घर दिलं नाही. स्वतःसाठी निवडायला एक संध्याकाळ पुरे.

वासितीची अट एकच. दाराला कडी हवी आणि कडीच्या आत आपण दोघंच. नातेवाईक नकोत. बिचारी लहानपणी काकांच्या घरात ओळीने झोपली, आता सुव्हात नर्सेसच्या क्वार्टरमध्ये चौघींत एक. आणि वीस ऑगस्टला परदेशात, टाउन्सव्हिलला जाणार, तिथल्या हॉस्पिटलशी दोन वर्षांचा करार. म्हणजे आम्हाला मिळणार ते एवढेच दिवस. मी तिचा हात धरून म्हणालो, एकही नातेवाईक दिसणार नाही. म्हणताना फार बरं वाटलं.

९ जुलै
नकाशा घेऊन बसलो. नातेवाईक असलेल्या बेटांवर फुली मारत गेलो. आईकडचे, बाबांकडचे, आत्यांच्या सासरचे. शेवटी उरला दीपगृहाचा एक खडक. तिथलाही रखवालदार आमच्या चर्चचा निघाला.

मग थोडी लवचिकता ठेवली. पहिला मुक्काम यासावा द्वीपसमूहातलं छोटं बेट. त्यावर फक्त रिसॉर्ट, गाव नाही. गाव आहे ते समोरच्या बेटावर. नेमानीमामाचं. दिसत नाही. म्हणजे ढग असले तर दिसत नाही. दुसरा मुक्काम तावेउनी, तिसरा कांदावू. तिन्ही बुकिंग पक्की, ओळखीने सवलतही मिळाली. वासितीला फोटो पाठवले. तिने पहिल्यांदा दाराचा फोटो मोठा करून पाहिला.

१४ जुलै
इलिएसाचा फोन. इलिएसा म्हणजे मामाचा मुलगा. त्या रिसॉर्टची बोट चालवतो. त्याने पाहुण्यांच्या यादीत माझं नाव वाचलं. म्हणाला, काय साहेब, आमच्याच वाळूवर पाहुणे म्हणून येताय म्हणे. धक्क्यावर गाणं म्हणायचं का तुमच्यासाठी, गळ्यात माळ घालून? आणि खूप हसला. मामेभावाला चेष्टेचा हक्कच असतो आमच्यात, त्याला काय बोलणार.

आता इथे खरं लिहितो. ते बेट मामाच्या घराण्याचं आहे, रिसॉर्टला भाड्याने दिलंय, हे मला माहीत होतं. पण ते मी डेस्कवरचा माणूस म्हणून जाणत होतो. भाचा म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी मामाचा फोन. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, की दोन डुकरं बांधून ठेवलीत, तू लहान असताना तुझी आई जिथे तुला झोपवायची तिथे मामीने नवी चटई घातलीय, बाकी तुझी मर्जी. म्हणालो, मामा, एक रात्र येतो.

एक रात्र म्हणजे काही मुक्काम नव्हे. वाटेत थांबणं झालं. वासितीला आज सांगतो.

१५ जुलै
सांगितलं नाही. तिची डबल ड्यूटी होती.

२१ जुलै
सांगितलं. बरंचसं. म्हणालो, रिसॉर्ट पहिल्या रात्री भरलंय, म्हणून एका स्थानिक कुटुंबात सोय केलीय. गोरे लोक असल्या अनुभवाची वाट बघत असतात. तिने विचारलं, कडी आहे ना? मी म्हणालो, असणारच. कान तापले होते. फोनवर दिसत नाही म्हणून बरं.

मामाच्या घराला दारच नाही, चौकट आहे. पण हे तिथे गेल्यावर समजावून सांगणं सोपं जाईल.

२६ जुलै
लग्न झालं. वासिती इतकी सुंदर दिसत होती की मी ठरवलं, आजपासून हिच्याशी खोटं बोलायचं नाही.

२९ जुलै, नेमानीमामाचं गाव
बोटीतून उतरलो. यांगोना हे आमचं मानाचं पेय, त्याच्या मुळांची जुडी गावप्रमुखापुढे ठेवली, रीतसर बसलो. मग अख्खं गाव आलं. खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, कसावाचे कंद, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं. वासितीला त्या नव्या चटईवर बसवलं तेव्हा तिला कळलं, हे स्थानिक कुटुंब कोणाचं ते. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग हसून मामीच्या पाया पडल्यासारखी वाकून पुढे गेली. वळण चांगलं आहे तिला.

झोपायला पडदा लावून दिला. पडदा जाड होता. पलीकडे मामा, मामी, मुलं आणि एक खोकणारे आजोबा. वासिती भिंतीकडे तोंड करून झोपली. प्रवासाने दमली असणार.

उद्या रिसॉर्ट. उद्या सगळं भरून काढतो.

३० जुलै, दुपार
एक गोष्ट घडली. यांगोनाच्या काठवटीभोवती सगळे बसलो होतो. इलिएसा माझ्यासमोर सरकून बसला आणि म्हणाला, रोज पाहुण्यांना त्या बेटावर सोडतो, पण त्या खोल्यांत एक रात्र काढली नाही. माझंही मार्चमध्ये लग्न झालंय. तुला इथे घर आहे, तुझी खोली मला दे.

चारचौघांत मागितलेलं नाकारायचं नसतं आमच्यात. परक्याला कळणार नाही ते. मी म्हणालो, घे. सगळ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या. मामाचे डोळे भरून आले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि मग वासिती आठवली.

वासिती तेव्हा स्वयंपाकघरात नारळ खवत होती. तिला सांगितलं, रिसॉर्टचा पाण्याचा पंप बिघडलाय. ती म्हणाली, असं होय. आणि खवत राहिली.

१ ऑगस्ट
वासिती नर्स आहे हे गावाला कळलं. सकाळपासून दारात, म्हणजे चौकटीत, रांग. कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाची जखम, आजोबांचा खोकला. गाव तिच्यावर बेहद्द खूश. तीही खूश आहे. काही बोलत नाही, म्हणजे खूशच.

तावेउनीच्या विमानासाठी उद्या निघायलाच हवं. मामाला तसं ठणकावून सांगणार.

२ ऑगस्ट
मामाला सांगायला गेलो. तो चर्चच्या जेवणासाठी खड्डा खणत होता. मला बघून एवढा आनंदला की मीच कुदळ घेतली.

३ ऑगस्ट, रविवार
रविवारी गावातून बोट सुटत नाही. तीन वेळा प्रार्थना झाली. तावेउनीचं विमान चुकलं.

तिथे तसाही पाऊस फार.

प्रार्थनेत पाप या शब्दावर मी खाली पाहिलं. वासितीने वर पाहिलं.

४ ऑगस्ट
इलिएसा आणि त्याची बायको परत आले. दोघंही तुकतुकीत. सगळ्यांसमोर माझे आभार मानले. म्हणे, काय ती खोली, काय तो पाण्याचा जोर, अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभे राहिलो. दाराला पितळेची कडी, दोन दिवस उघडलीच नाही. मुलं खिदळली. मीही हसलो. हसताना वासिती कुठे बसलीय ते बघायचं टाळलं.

नंतर ती कप विसळत होती तिथे गेलो. म्हणालो, तुझं मन मोडायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. ओरडली नाही. म्हणाली, तू इथला भाचा. मामाच्या गावात भाच्याने काहीही मागावं, डुक्कर माग, होडी माग, कुणी नाही म्हणत नाही. एवढ्या दिवसांत माझ्यासाठी एक खोली तुला मागता आली नाही?

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. ते जास्त वाईट आहे असं ती म्हणाली.

मी म्हणालो, अजून कांदावू आहे. तिथे माझ्या जवळच्या नात्यातलं कुत्रंसुद्धा नाही. उद्या पहिल्या बोटीने निघू. तिने मान हलवली. म्हणजे जमलं. अजून सगळं हातातून गेलेलं नाही. कांदावूला मी असा नवरा होणार आहे की ती मागचं विसरून जाईल.

५ ऑगस्ट
सकाळची प्रार्थना संपली. मी बॅगा बांधून बसलो होतो. वासिती आली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर मांडी घालून बसली. ओंजळ करून रीतसर टाळी वाजवली. म्हणाली, लग्न झाल्यापासून मी काही मागितलं नाही. आज मागते. कांदावूची खोली मला दे. एकटीला. तिथून मी परस्पर सुव्हाला जाईन, टाउन्सव्हिलला जायची तयारी करायचीय.

मामीने पदर तोंडाला लावावा तसा स्कर्टचा काठ तोंडाला लावला. मामाने माझ्याकडे पाहिलं. इलिएसाने पाहिलं. आजोबांनी खोकला दाबून धरला.

मी म्हणालो, घे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाला, आमच्या भाच्याने कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही कधी, बायकोलासुद्धा नाही.

इलिएसाने तिची बॅग बोटीत ठेवली. तिने मामीला मिठी मारली, आजोबांना औषध कधी घ्यायचं ते पुन्हा सांगितलं. मला म्हणाली, येते. बोट वळेपर्यंत मी पाण्यात उभा होतो, पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

तिने मागितलं तेव्हा मला नाही म्हणायचं होतं. जन्मात पहिल्यांदा. शब्द तोंडात आलाही होता. पण सवय नाही.