वॉशिंग मशीनमागचा पाहुणा

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघे खाली जाऊ देत नाहीत म्हणून तो खुर्चीत बसूनच केला आहे, राग मानू नकोस.) तुझा उजवा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस का? नसशीलच करत. मी चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, हजारो पोरांचे हात वर करवले, पण सख्ख्या बहिणीचा एक हात काही मला वर करवता आला नाही. असो.

तू दहा दिवस फोन करते आहेस आणि इकडून कोणी उचलत नाही, तेव्हा आमचं बरंवाईट झालं असं धरून तू शेजारच्या शिंपीणबाईंना आमच्या दारात पाठवलंस. त्या बिचाऱ्या रडवेल्या होऊन आल्या आणि मी दार उघडल्यावर थोड्या हिरमुसल्या असं मला वाटलं. तर आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन रजईत गुंडाळून कपाटात ठेवला आहे, कारण त्याची घंटा वाजली की पाहुणा घाबरतो. आता तू विचारशील, कोण पाहुणा? तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला माहीत आहे. तूच म्हणतेस ना, तुझा फोन आला की रिसीव्हर टेबलावर ठेवून मी भाजी चिरते!

हिची तीस वर्षं छापखान्यात त्या धडाडणाऱ्या यंत्रांशेजारी गेली, आणि निवृत्त झाली तेव्हा कान कामावरच ठेवून घरी आली. कानाला यंत्र लाव म्हटलं की म्हणते, यंत्रांनीच तर गेले, आता आणखी एक यंत्र कशाला? त्यामुळे मी बाहेर असलो की दारावरची घंटा हिला ऐकू येत नाही. गॅसवाला तीनदा परत गेला, चौथ्यांदा त्याने दारावर जे लिहून ठेवलं ते इथे लिहीत नाही. तेव्हा हिनेच ठरवलं की कुत्रा पाळायचा, चांगला खणखणीत भुंकणारा, म्हणजे कोणी आलं की तो भुंकेल आणि हिला कळेल. आम्ही गेलो सोडून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत. तिथे वीस-पंचवीस कुत्री अशी भुंकत होती की हिलासुद्धा ऐकू आलं. त्यातला कुठलाही उचलायचा की नाही? पण ही सगळ्यांना ओलांडून थेट शेवटच्या पिंजऱ्यापाशी गेली. तिथे एक जण भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि हूं की चूं करत नव्हता. संस्थेच्या बाई म्हणाल्या की हा भुंकतच नाही, आल्यापासून कोणी याचा आवाज ऐकलेला नाही. ही म्हणाली, हाच.

टेरियर जातीचा आहे म्हणे. म्हणजे बुटका, काथ्यासारखे राठ केस, हनुवटीला दाढी, एक कान उभा आणि एक आडवा. आमच्या शाळेचे जुने हेडक्लार्क रजेचा अर्ज नामंजूर करताना दिसायचे, हुबेहूब तसा. दोन घरांनी त्याला नेऊन परत आणून सोडलेलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, दोन आठवडे ठेवून बघा, पंधराव्या दिवशी मी घरी येऊन पाहीन, जमत असेल तर कायमचा तुमचा, नसेल तर मी घेऊन जाईन. आणि तिसऱ्यांदा परत आला, तर यापुढे त्याला कोणी नेईल असं वाटत नाही. मी हिला बजावलं, नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की जीव अडकतो. म्हणून ‘पाहुणा’ म्हणायचं ठरलं.

आता माझी चूक सांगतो. (तू सांगायला लावण्यापूर्वी.) मला वाटलं, आपण दीड हजार कार्टी सरळ केली, हे वीतभर जनावर काय चीज आहे! फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सहाला उठणे, सहा दहाला फिरणे, सात वाजता खाणे, सव्वासातला शिस्त. आणि पहिल्याच सकाळी त्याला बोलवायला मैदानावरची ती माझी शिट्टी काढून फुंकली. अक्का, एवढासा जीव, पण तो वाऱ्यासारखा जो गेला तो वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मध्ये, जिथे माझी मूठसुद्धा जात नाही. एकोणीस तास बाहेर आला नाही. मी फरशीवर पोटावर पडून त्याची मनधरणी केली, आणि माझी कंबर तिथेच धरली. शेवटी हिने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. त्याला ओढायला मात्र तिने साफ नकार दिला. म्हणाली, तो स्वतःहून येईल तेव्हा येईल. त्या दिवसापासून शिट्टी कुठे हरवली आहे, सापडत नाही.

तो कशाकशाला घाबरतो ते लिहीत बसलो तर टपालाचं वजन वाढेल. झाडू, मिक्सर, छत्री, माझी खोकण्याआधीची तयारी, पायातल्या चपला, हातातल्या चपला, आणि एकदा तर पाण्याच्या वाडग्यात दिसलेला दुसरा कुत्रा. पण सगळ्यांत जास्त कशाला, तर माझ्या आवाजाला. आता आली का पंचाईत? मी हळू बोललो तर हिला ऐकू येत नाही, आणि हिला ऐकू येईल असं बोललो तर तो मशीनमागे. मग हिने छापखान्यातून आणलेले कागदाचे कपटे बाहेर काढले (पोतंभर आहेत, फेकू देत नव्हती, आता तोंड वर करून हिंडते) आणि घराचा कारभार चिठ्ठ्यांवर सुरू झाला. ‘चहा?’ ‘अर्धा.’ ‘साखर कमी झाली.’ ‘मुद्दाम.’ माझ्या चिठ्ठ्यांतल्या चुका ही लाल पेन्सिलीने दुरुस्त करून मला परत देते. मोठ्याने भांडण्याची सवय असलेल्या माणसांना लिहून भांडणं किती अवघड जातं म्हणून सांगू! वाक्य पूर्ण होईपर्यंत राग निघून जातो.

नवव्या दिवशी मी हात टेकले. त्याने आमच्यासमोर घासभरही खाल्लं नव्हतं. आम्ही बाजारात गेलो की वाडगा रिकामा, घरात असलो की भरलेला. मी लिहिलं, ‘आपल्याच्याने होणार नाही, परत पाठवू या.’ हिने ती चिठ्ठी उलटली आणि मागे लिहिलं, ‘लग्नानंतर पहिल्या महिन्यात तुमच्याबद्दल माझंही हेच मत होतं. पाठवलं का?’ यावर काय बोलणार? म्हणजे, काय लिहिणार? मला वाईट वाटलं, अक्का. त्याच्याबद्दल वाटलंच, आणि माझी स्वतःची थोडी लाजही वाटली.

मग हिच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याच्याकडे पाहिलं की तो खात नाही, पाठ केली की खातो. झालं! आम्ही जेवताना एकमेकांकडे पाठ करून, ही एका भिंतीकडे आणि मी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. बाराव्या दिवशी माझ्या पाठीमागे चपचप आवाज आला. मी घास हातात धरून बसून राहिलो, वळलो नाही. हिला ऐकू आलं नाही, पण माझे खांदे हलताना तिला आरशात दिसले म्हणे. (हसत होतो मी. ती काहीही सांगते.)

पंधराव्या दिवशी बाई यायच्या होत्या अकराला, आल्या साडेदहाला. घंटेत मीच मोजा कोंबून ठेवला होता, दार नुसतं लोटलेलं, त्यामुळे त्या थेट आत आल्या. आता त्यांना काय दिसलं ते तूच डोळ्यांसमोर आण. दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, मुकाट्याने नाश्ता करताहेत. फ्रिजवर हिच्या अक्षरात चिठ्ठी, ‘आवाज चढवलात तर याद राखा.’ टेबलावर माझ्या अक्षरात, ‘आज अजिबात बोलायचं नाही, बाई येणार आहेत.’ आणि त्याखालीच ती नवव्या दिवसाची, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. बाईंनी सगळ्या वाचल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचल्या, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी मायेने विचारलं, “किती दिवसांचा अबोला आहे?”

मी कुजबुजत समजावू लागलो, तर तेही त्यांना भलतंच वाटलं. म्हणाल्या, मी तुम्हाला दोष देत नाही, पण ज्या घरात माणसं अशी धुसफुसत असतात तिथे इतका भित्रा जीव टिकत नाही, मी त्याला घेऊन जाते. आणि पिशवीतून पट्टा काढला. हिला यातला एक शब्द ऐकू आला नव्हता, पण पट्टा दिसला. अक्का, हिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग मला कसलंच भान राहिलं नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात मी ओरडलो, “अगं, त्या त्याला नेताहेत!” आणि ही त्याहून मोठ्याने, “नेऊ देऊ नका!” कपाटातल्या बश्या वाजल्या. मला वाटलं, संपलं, आता तो मशीनमागून जन्मात बाहेर यायचा नाही.

तो बाहेर आला. शेपूट पोटाशी, चारही पाय लटलटताहेत, तरी आला, हिच्या दोन पावलांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि बाईंवर भुंकला. एकदाच. मग स्वतःच्याच आवाजाने दचकला, आणि पुन्हा भुंकला. आणि ही इकडेतिकडे पाहत म्हणाली, “कोण ओरडलं?”

तर असं आहे सगळं. बाईंनी पट्टा पिशवीत ठेवला आणि चहा घेऊन गेल्या. पाहुणा बरा आहे, गोणपाटावर झोपतो. मला विचारशील तर राहिला काय, गेला काय, मला काही फरक पडत नाही, हिच्यासाठी म्हणून आपलं. खांद्याची काळजी घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एक बारीकसं राहिलंच. बाईंनी फॉर्मवर ‘घरातील वातावरण’ यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आहे. आम्हाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या आणि खोटं न बोलणाऱ्या एका माणसाला विचारून मगच त्या ठरवणार आहेत. मी तुझं नाव दिलं. गुरुवारी त्यांचा फोन येईल. विचारतील, घरात भांडणं होतात का? अक्का, तू खोटं बोलत नाहीस ही तुझी जुनी खोड मला माहीत आहे, पण आयुष्यात एकदा, धाकट्या भावासाठी, ‘नाही’ एवढं म्हण. खांद्याला त्रास होणार नाही.

ता. क. २ (हे मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं ते बरं झालं.) अक्का, नमस्कार. शिट्टी हरवलेली नाही, त्यांनीच तिच्यात कापूस कोंबून ती माळ्यावर टाकली आहे. गोणपाटही खोटं आहे, त्यांच्या बक्षीस समारंभाच्या कोटावर झोपतो तो. बाई गेल्यावर हे मशीनला टेकून फरशीवर बसले होते, अर्धा तास, आणि मला म्हणाले की डोळ्यांत साबण गेला. तुम्ही बाईंना खरं तेच सांगा. रोज भांडतो, मोठमोठ्याने भांडतो, आणि इतक्या वर्षांत कोणी कोणाला परत पाठवलेलं नाही.

आणि त्या फॉर्मवर कुत्र्याचं नावही विचारतील. ‘पाहुणा’ म्हणू नका. पाहुण्याला एक दिवस जावं लागतं. तुम्ही त्याच्या आत्या, तेव्हा चांगलंसं नाव तुम्हीच सांगून टाका. जरा मोठ्याने हाक मारता येईल असं असू द्या.