कोजोच्या आईचा फोन

११ फेब्रुवारी

कोजो पहाटेच खेपेला गेला. बांकुड्याकडे कुठलीशी फुटबॉलची स्पर्धा आहे. पैसे घेऊन एका सामन्यापुरतं त्यांच्याकडून खेळायचं आणि परत यायचं. गुडघा सुजलाय, जाऊ नको म्हटलं. "काकू, स्ट्रायकर को जब तक बुलाता है, जाना है." चौतिसावं लागलं त्याला. डब्यात भाकरी आणि ठेचा दिला.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, पण मागच्या खोलीत फोन वाजला नाही. एरवी रोज त्याच वेळी त्याच्या आईचा घानाहून फोन येतो. तिकडे दुपार असते. माझं निरांजन पेटायला आणि तिची घंटा वाजायला एकच गाठ. आज शांत होतं. बरं वाटलं. मग वाटलं, बांकुड्यात येतच असेल की.

१२ फेब्रुवारी

आला. एक गोल, तोही पेनल्टीचा. डबा चाटूनपुसून रिकामा. म्हणाला, ठेचा अगदी माँच्या मिरचीसारखा.

चार वर्षं हेच ऐकते. म्हणजे मी कितीही वाटलं तरी दुसरा नंबर.

१८ फेब्रुवारी

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ब्राह्मण जेवून गेले. को. दिवसभर बूट न घालता घरात वावरला, कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला घरी हेच घेऊन आले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज मैदानावर जायचे. एक दिवस ह्या उंच मुलाला घेऊन दारात उभे. "मागची खोली रिकामीच आहे ना?" रिकामीच होती. आम्हाला मूल झालं असतं तर नसती. ते आम्ही दोघंही बोललो नाही. भात वाढला.

ह्यांना खांदा दिला त्यानेच. निमतल्याच्या स्मशानात सगळे वळून बघत होते. बघू देत.

आज दोन कप चहा टाकला. अजून हात जातो.

२३ फेब्रुवारी

त्याच्या आईने कुणा खेळाडूबरोबर बाटली पाठवली. काळं, तेलकट, सुक्या मासळीची मिरची. घरभर वास. आमच्या घरी कधी अंडं आलं नाही. मी बाटली उचलून बाल्कनीत ठेवली. को.ने ती स्वतःच्या खोलीत नेली.

खालची शिप्रा वास घेत वर आली. दोन चमचे भातावर घेऊन खाल्ले. "आरे दिदी, ए तो आमादेर शुटकी! दारुण!" तिच्या भाषेत दारुण म्हणजे झकास.

तिला म्हटलं, तुझ्याकडेच ठेव मग. "आच्छा? हिंसे होच्छे?" म्हणाली. हिंसे म्हणजे मत्सर. मी म्हटलं, वासाचा त्रास होतो फक्त.

२ मार्च, सोमवार

माझा उपास. कोजो म्हणजे सोमवारी जन्मलेला, त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात. सोमवार माझा आहे, तिच्या आधीपासूनचा. एवढं तरी.

५ मार्च

गुडघा. मी हळद, तुरटी, एरंडाचं पान बांधलं. संध्याकाळी फोनवर आईने सांगितलं, पाठवलेलं पिवळं लोणी चोळ. को. धर्मसंकटात. शेवटी उजव्या गुडघ्याला माझी हळद, डाव्याला तिचं लोणी. डावा दुखतसुद्धा नाही!

हसले. पण उजवा माझा, हे मनात टिपून ठेवलं.

९ मार्च

भाकरी थापताना विचारलं, याआधी कुठे कुठे राहिलास. ओमान, ढाका, माले, आयझॉल. कुठे एक हंगाम, कुठे दीड. कुठे क्लब बुडाला, कुठे नवा कोच आला आणि हा नकोसा झाला. ओमानमध्ये कंटेनरमध्ये झोपायचा. "और ढाका में एक आंटी था. क्या डाल बनाता था, काकू!"

आज डाळ केलीच नाही.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. काठी को.ने धरली, त्याचा हात छताला टेकतो. शिप्रा खालून ओरडली, "बर्गीरा झंडा तुलेछे!" आमच्या घराला ती बर्ग्यांचं घर म्हणते. आमचे पूर्वज हा भाग लुटायला येत म्हणून इथे खंदक खणला होता ना. "आगे धान नितो, एखोन स्ट्राइकार निच्छे!" म्हणे पूर्वी धान्य न्यायचे, आता स्ट्रायकर.

तिला लाडू दिला, तोंड बंद.

दाराला तोरण बांधताना को.ने विचारलं, हे कशासाठी. म्हटलं, चांगलं माणूस आत यावं म्हणून. "और बाहर?" म्हटलं, बाहेरचं मला माहीत नाही.

१५ एप्रिल

बंगाल्यांचं नवं वर्ष. को.च्या हावड्याच्या क्लबात बारपूजा. गोलाच्या आडव्या खांबाची पूजा करून हंगाम सुरू करतात. ह्यांच्याबरोबर मी कधी गेले नव्हते. यंदा को. म्हणाला, चला.

काल बसून आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण केलं. तिकडे नुसता हार घालतात. पण दोन खांब आणि वर पट्टी म्हणजे दारच की. सकाळच्या पहिल्या लाँचने बागबाजार घाटावरून हावड्याला. ह्यांची काळी छत्री बरोबर घेतली, ऊन नसताना.

पुरोहिताने बारला शेंदूर लावला. वाटी माझ्यापुढे धरून म्हणाला, "माशिमा, आपनिओ एकटु दिन." मी मागे सरले. दोन वर्षं कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नाही. को.ने मध्येच म्हटलं, "काकू पत्ता बाँधेगा." स्टूल आणलं. मी चढले, दोन्ही टोकांना सुतळीच्या दुहेरी गाठी मारल्या. गाठ मारताना मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

उतरून बघते तर को. फोन उंच धरून उभा. पडद्यावर त्याची आई. तिकडे मध्यरात्र उलटलेली, तरी बाई ह्यासाठी जागी राहिली होती. मी पहाटे उठले त्याचं काहीच नाही मग.

तिने पानं बघितली, मला बघितलं, काहीतरी बोलली. को. खो खो हसला. काय म्हणाली? "कुछ नहीं काकू, माँ लोग का बात."

लाँचवर परत येताना तोंड फिरवून बसले. त्याला वाटलं मळमळतंय, लिंबाची गोळी दिली.

२ मे

क्लबचे सेक्रेटरीबाबू घरी आले, संदेश मिठाईचा डबा घेऊन. पुढच्या हंगामात को.ला स्ट्रायकर म्हणून घेणं कठीण. पण शिकवायला ठेवतील, राहायच्या कागदांचंही बघतील. महिनाअखेर नक्की सांगा. जाताना मला बाजूला घेतलं. "माशिमा, छेलेटाके छाडबेन ना."

मी कोण सोडणारी न सोडणारी. पण म्हणाले मला, तिला नाही. दिवसभर गुणगुणत होते.

३ मे

आनंद टिकला नाही. को.ने रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. आई म्हणते, पुरे आता, घरी ये. वडिलांचं दुकान बंद पडलंय, ते उघड. गुडघा पुन्हा सुजल्याचं तिला कळलंय. कुणी सांगितलं? ह्यानेच. माझ्यापासून मात्र सूज लपवतो.

८ मे

को. ओट्यापाशी उभा राहिला. "काकू, आप बोलो. रहूँ या जाऊँ? आप जो बोलेगा."

कढी उतू गेली. म्हटलं, जेवून घे आधी.

इतकी वर्षं वाटायचं, ह्याने मला विचारावं. विचारलं तर मी ओटा पुसत बसले. राहा म्हणणं किती सोपं होतं.

१२ मे

को. कृष्णनगरला खेपेला गेलाय. दिवा लावला आणि माझाच फोन वाजला. लांबलचक नंबर. "हॅलो. आय ॲम कोजो मदर." त्याचा फोन बंद होता. घरचा म्हणून त्याने माझा नंबर दिलेला.

आवाज बारीक, माझ्याहून बारीक. चार वर्षं मी तिला मोठ्या आवाजाची समजत होते.

तिचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून. जेवतो का विचारलं. म्हटलं, यस, व्हेरी वेल. मग हळूहळू म्हणाली, तू पानं बांधलीस. माझा मुलगा येत नाही.

आधी कळेचना. मग उलगडलं. त्या दिवशी बारपूजेत ती म्हणाली होती, ही बाई तुला तिथे बांधून घालतेय. को. हसला. ती थट्टेत बोलली नव्हती.

मी घाईघाईने म्हटलं, नो नो, दॅट इज फॉर वेलकम. खरंच आहे ते. तोरण कधी कुणाला बांधून घालायला बांधत नाहीत. माझी आजी, आई, सगळ्यांनी स्वागतालाच बांधलं.

पण गाठ मारताना मी काय म्हटलं होतं ते मला माहीत आहे. तिला कसं कळलं?

मग म्हणाली, "एव्हरी डे काकू से, काकू कुक, काकू, काकू. आय ॲम जेलस, मॅडम." आणि हसली. तो शब्द मला येतो. मीही हसले. दोघी हसत होतो, इकडे मागच्या खोलीतला रिकामा पलंग, तिकडे ती आणि मध्ये समुद्र.

मग हसणं थांबवून: "ही लिसन यू. यू टेल हिम, कम."

मी ओके म्हटलं. कशाला ओके म्हटलं?

१३ मे

को. आला. गोल नाही, बर्फ बांधून आला. सांगितलं, आईचा फोन होता. "क्या बोली?"

म्हटलं, जेवलास का विचारत होती. तेही खरंच आहे.

१४ मे

ह्यांच्या खुर्चीत बसले, सहसा बसत नाही. हे असते तर म्हणाले असते, जाऊ दे पोराला. सगळ्याच बाबतीत म्हणायचे. मीच धरून ठेवणारी. जुने डबे, दोऱ्या, पिशव्या. शिप्रा म्हणते, दिदी काही टाकत नाही.

कोजोची आई मात्र एकदा आपल्या पोराला जगभर सोडून बसली. चौदाव्या वर्षी शहरातल्या क्लबात पाठवलं, पुढे परदेशी. दर वर्षी नवा देश, नवी आंटी, नवी डाळ. सोडणारी तीच आणि जेलसही तीच. मी तर नुसती भाकरी वाढली.

नाही, तरीही. माझ्याकडे दुसरं कुणी नाही. तिला चार मुलं आहेत.

हे लिहिलं आणि लाज वाटली. खोडत नाही.

१७ मे

दुपारी एकटीच लाँचने हावड्याला गेले. क्लबचं मैदान तापलेलं. झेंडू केव्हाच गळून गेलेला. पानं वाळून तपकिरी, सुतळीवर कुरकुरत होती. चेंडू लागून लागून मधली पानं गेलेली. गाठी मात्र तशाच.

को. एकटाच गोलावर मारत होता. डाव्या पायाने. मला बघून धावत आला, तो गुडघा सांभाळत. "काकू! यहाँ?"

म्हटलं, तोरण उतरवायचं राहिलंय. वाळलेलं ठेवू नये.

त्याने हात वर केला. त्याला स्टूल लागत नाही. बोटं गाठीवर ठेवली आणि बारकडे न बघता माझ्याकडे बघत विचारलं, "निकालूँ?"

म्हटलं, थांब. गाठ माझी आहे, मी सोडवते.

स्टूल आणायला गेला. बारखाली सावली कसली, बोटभर पट्टा. त्यात उभी राहिले.

पहिली गाठ लगेच सुटली. दुसरी सुटेना. मधल्या पावसात भिजून आवळली होती. नखं दुखली. को. म्हणाला, ब्लेड लाता हूँ. म्हटलं, कापायची नाही.

सुटलीच नाही. तोरण एका टोकाने लोंबत राहिलं, वाऱ्याने खांबावर खरवडत. सेक्रेटरीबाबू ऑफिसातून बघत होते, हात केला. मीही केला.

परत येताना लाँचवर को. शेजारी बसला. ब्लेडचं पुन्हा काढलं नाही, मीही नाही. पाण्याकडे बघत एकदाच म्हणाला, "माँ ने सिर्फ खाना पूछा?"

मी छत्री उघडली. ऊन नव्हतं.

घरी आल्यावर दिवा लावला. मागच्या खोलीत फोन वाजायला लागला. तो मोरीत पाय धूत होता. मी हाक मारली, "कोजो, आईचा फोन!" आजवर कधी मारली नव्हती.

ओल्या पायांनी आला आणि फोन माझ्याच हातात दिला. घंटा चालूच होती. म्हणाला, "आप उठाओ, काकू. आप बोलो."

उचलला. तिकडून ती हॅलो हॅलो करत होती. म्हटलं, "काकू. टुनाइट आय टेल हिम, मदर से कम." वही बंद करते.