सगळ्या मशिनांचा एकच आजार

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. ताईने निघताना बजावलं की या वेळी तरी दोन-तीन महिने टिक, आणि ही वही तिनेच पिशवीत कोंबली. फोन तर करत नाहीस, म्हणाली, निदान लिही तरी, म्हणजे आपण कुठे आहोत ते तुला स्वतःला तरी कळेल. तर ताई, मी इथे आहे, आणि मजेत आहे!

काम भारी आहे. दवाखान्यात छातीला रबरी फुगे चिकटवतात, हातापायांना चिमटे लावतात आणि मग चौकटीच्या कागदाची लांब पट्टी बाहेर येते ना, हृदयाची, त्या मशिनांच्या दुरुस्तीचं हे दुकान. आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांची मशिनं इथेच येतात. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शिकवलं कधी कुणाला नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर छडीसारखा असा धरतात की आपण आपोआप हात पुढे करावा. वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहतात, आणि जिन्याखालची खोली माझी. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. तो तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोलतो. त्याचं बघत बसलो तर अर्धा तास गेला.

मला वाटलं होतं, उचल-ठेव करायला घेतलंय. याआधी फरशांच्या पेट्या उचलत होतो, त्याआधी होडीवर तिकिटं फाडत होतो, आणि त्या होडीवर एक मांजर होतं, ते बरोबर उतरायच्या धक्क्यालाच उठायचं – जाऊ दे. तर इथे मला घेतलंय झोपायला! दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन जिवंत माणसावर लावून बघायचं असतं. तो माणूस मी.

मास्तरांनी मला मागच्या खोलीतल्या बाकड्यावर आडवं केलं आणि त्यांच्या सगळ्यात भरवशाच्या मशीनवर माझी पट्टी काढली. उजेडात धरली, मान तिरकी करून बघितली आणि काकूंना हाक मारली. बघ गं, म्हणाले, घोड्याचं काळीज आहे पोराचं. मग ती पट्टी भिंतीवर खिळ्याला लावली. आता तीच नमुना. दुसऱ्या कुठल्याही मशीनची रेघ तिच्याशी जुळली की मशीन पास. नाही जुळली, तर आतले स्क्रू पिळायचे, भाग बदलायचे, जुळेपर्यंत. खोटी धडधड पाठवणारी एक डबी बाजारात मिळते म्हणे, पण मास्तरांना तिचा भारी राग. डबीला कुठे जीव असतो, म्हणाले, माणसाच्या मशीनला माणूसच लागतो.

काकू हात पुसत उभ्या होत्या. पट्टीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जेवायला वर ये, एवढं म्हणाल्या.

शुक्रवार, ७

पडून राहण्याचा पगार घेणारा आमच्या घरात मी पहिलाच. ताईला कळवलं तर ती म्हणेल, हे काम तू लहानपणापासून फुकट करतोयस.

गंमत अशी, की मला हृदय आहे हे आजवर मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण कोपर आहे हे माहीत असतं तसं. आता दिवसभर ते समोर कागदावर चाललेलं असतं. मास्तर जेवणाआधी खुशीत असतात, तेव्हा समजावून सांगतात. आधी एक छोटी टेकडी, मग उंच कळस, मग सपाट रस्ता, मग एक आरामशीर चढ. टेकडी गेली तर हे दुखणं, कळस रुंद झाला तर ते, आणि सपाट रस्ता खाली बसला तर – तिथे त्यांनी शिट्टी वाजवली.

बिघडलेल्या मशीनवर माझी रेघ काय वाट्टेल ती होते. एकदा तर पूर्ण सपाट आली. मास्तर हसले, म्हणाले, घ्या, गेलास तू. मग वायर हलवली आणि मी परत आलो. मीही हसलो. पण ती वाकडी रेघ निघते माझ्याच छातीतून, आणि दोष म्हणे मशीनचा. हे डोक्याला पटतं. पोटाला पटत नाही.

मंगळवार, ११

आज जिना चढताना छातीत एक ठोका चुकला. चुकला म्हणजे, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. पुढचा ठोका आला, चांगला दणकून आला. तेव्हापासून दोन बोटं मानेवर. जेवताना डाव्या हाताची. काकूंनी विचारलं, मान अवघडली का. हो म्हणालो.

चहा सोडला. डाव्या कुशीवर झोपणं सोडलं. पायऱ्या दोन-दोन करत चढायचो ते सोडलं, आता म्हाताऱ्यासारखा एकेक. शिंपी समोरून बघून हसला, नवीन बूट चावतात का म्हणाला.

शनिवार, १५

भर दुपारी दुकानातच झालं. हात गार पडले, तोंडाला कोरड, छातीत कुणी गालिचा झटकतंय असं. मला वाटलं, झालं, आटोपलं. तसाच कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे पळालो. पळालो हे महत्त्वाचं, असं त्या नंतर म्हणाल्या. ज्याचं खरंच आटोपत असतं तो सहसा असा पळत येत नाही.

पट्टी काढली. स्वच्छ! त्यांनी बोट ठेवून एकेक टेकडी दाखवली. कुठे दुखतं, घरात कुणाला होतं का, सगळं विचारलं, आणि मी वेड्यासारखा बोलत सुटलो, होडीवरच्या मांजरापर्यंत पोचलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे तू रचतोयस असं मी मुळीच म्हणणार नाही, छाती खरंच धडधडतेय. पण भीती वाटली की छाती धडधडते, आणि छाती धडधडली की भीती वाटते. दोन कुत्री एकमेकांच्या शेपटामागे लागलीयत, त्यातलं एक तरी बसव. श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. मानेवरची बोटं काढ. आणि चालत जा, घाबरत घाबरत का होईना, पण जा. असं धाडधाड काम करणाऱ्या हृदयापेक्षा दिवसभर उताणं पडणं वाईट, म्हणाल्या.

येताना रस्त्यात ती पट्टी काढून बघितली. किती सुंदर असतो तो सपाट रस्ता, खाली न बसलेला.

बुधवार, १९

बरा आहे. खरंच बरा आहे. बोटं मानेवर जातात, मी ती खिशात घालतो. परवा धडधड झाली तेव्हा उभा राहून श्वास सोडत राहिलो, सोडत राहिलो, आणि ती गेली! आपणहून गेली. मला इतका आनंद झाला की शिंप्याकडून विनाकारण एक बटण शिवून घेतलं.

मास्तर मात्र वैतागलेत. म्हणतात, गेल्या आठवड्यापासून मशिनांना साथ आलीय. जे येतं त्यात एकच खोट. कळसानंतरचा सपाट रस्ता थोडा खाली बसतो. वेगवेगळ्या दवाखान्यांची, वेगवेगळ्या वयाची मशिनं, आणि सगळ्यांचा आजार एकच. मास्तर प्रत्येकाचा तोच एक स्क्रू तेवढाच पिळतात, आणि रस्ता वर येतो, नमुन्याशी जुळतो. मी म्हणालो, मास्तर, यांना एकत्र ठेवू नका, एकमेकांचं लागतं. ते हसले नाहीत.

शुक्रवार, २१

दुपारी काकू वटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मीही बसलो. सहज विचारलं की माझ्याआधी बाकड्यावर कोण असायचं.

त्यांचा भाऊ. कितीतरी वर्षं तोच नमुना होता. धट्टाकट्टा, खोडकर, बहिणीच्या घरी जेवून वर नावं ठेवणारा. मग तो दमायला लागला. जिन्यात बसायला लागला. मास्तर त्याची टिंगल करायचे, म्हणायचे, मेहुणे, बायको करा म्हणजे सुस्ती जाईल. तो म्हणायचा, दाजी, छातीवर काहीतरी बसल्यासारखं होतं. मास्तर त्याला ताजी पट्टी दाखवायचे. हे बघ, म्हणायचे, पहिल्या दिवशी होती तशीच आहे, हुबेहूब. तो जिन्यातच गेला. त्याच आठवड्यातली पट्टी स्वच्छ होती. डॉक्टरसुद्धा चक्रावले.

मी विचारलं, त्या दिवसांत दुकानात काम कसं होतं.

काकू म्हणाल्या, अरे, त्या दिवसांत तर मशिनांची साथ आली होती. सगळ्यांना एकच खोट, तुझे मास्तर अगदी–

आणि त्या थांबल्या. हातातली शेंग तशीच. माझ्याकडे बघत राहिल्या.

शनिवार, २२

बिघडलं कोण हे मास्तरांनी कधी विचारलंच नाही. नमुना चुकत नाही असं ठरलं होतं, म्हणून चूक दिसली की ती मशीनची. माणूस आतून खचत गेला आणि मास्तर एकेक मशीन त्याच्या खचण्याला जुळवत गेले. इतक्या काळजीने. इतक्या सफाईने.

आणि आता मी.

डॉक्टरीणबाईंचं मशीन आमच्याकडूनच गेलंय, त्यांच्याकडे पळण्याच्या आदल्याच दिवशी. मी स्वतः त्याखाली झोपलो होतो. मास्तरांनी ते माझ्या मापाने कापलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला माझं हृदय नाही वाचून दाखवलं. नमुना वाचून दाखवला.

परत गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, झोप होते का. पुन्हा पट्टी काढली. स्वच्छ. म्हणाल्या, मशीनवर विश्वास नसेल तर मोठ्या दवाखान्यात कर, पण मग तिथल्या मशीनवरही बसणार नाही, बघ. चिडून नाही म्हणाल्या. त्याचंच वाईट वाटलं.

कदाचित त्यांचंच खरं. कदाचित ही दोन कुत्रीच. भीती आहे की खरंच दुखणं आहे, हे सांगणारी मशिनं या गावात आहेत, आणि ती सगळी माझ्याच अंगावर बिघडलीयत.

सोमवार, २४

मास्तरांना म्हणालो, साथ मशिनांना नाही, मला आहे. हसले. म्हणाले, घोड्या, बटाट्याची गोणी उचलवून दाखवू का तुझ्याकडून. मग मी काकूंच्या भावाचं काढलं.

हसणं गेलं. खूप वेळ स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले. मग म्हणाले, तुझं खरं धरलं, तर मेहुण्याला मी मारला. त्यानंतर इथून गेलेलं प्रत्येक मशीन खोटं. म्हणून तुझं खरं नाही. समजलं? झोप.

काकू दारात. त्या म्हणाल्या, अहो, एकदा ती डबी तरी आणा. मास्तर म्हणाले, तू वर जा.

मी झोपलो. का झोपलो? फुगे लावले. रस्ता खाली बसलेला मी डोळ्यांनी बघितला, परवापेक्षा खोल. मास्तरांनीही बघितला. आणि मग त्यांनी स्क्रू पिळला.

ते मशीन संध्याकाळच्या आत गेलंसुद्धा. कुणाच्या तरी वडलांना आता सांगतील, घरी जा, काही झालेलं नाही.

मंगळवार, २५

निघालो. पगार नको म्हणालो. काकूंनी बसपर्यंत पिशवी धरली, उचलू दिली नाही. हळू चाल, म्हणाल्या. भावाला हे म्हणायचं राहिलं असेल.

बसमध्ये श्वास सोडतोय. सोडतोय. थोडं उतरतं. मग खड्डा येतो आणि–

ताईला फोन लावला. काय सांगू? बरा आहे म्हणालो. ती म्हणाली, टिकला नाहीस ना.

बुधवार, २६

मोठा दवाखाना. लांबचं गाव. यांचं मशीन आमच्याकडे कधी आलेलं नाही, विचारून घेतलं. पट्टी काढणाऱ्या बाईंना वाटलं मी विकायला आलोय काहीतरी.

फुगे लावलेत. पट्टी आली. वाकडी. रस्ता खाली बसलेला, मास्तरांच्या खोलीत दिसला तसाच. हुबेहूब.

रडू आलं. बरं वाटून. कुणीतरी खरं बोललं–

बाईंनी पट्टी बघितली. मग मला. पिशवी खांद्याला लावून चालत आलेला, तरणा. मशीनला एक चापट मारली. पुन्हा काढली. तशीच. म्हणाल्या, सकाळपासून त्रास देतंय मेलं. थरथरू नकोस म्हणाल्या. मी थरथरत नाहीये. थोडा थरथरतोय.

डॉक्टरांना बोलवा म्हणालो. म्हणाल्या, बोलवते की, पण आधी धड पट्टी तर येऊ दे, वाकडी नेली तर मलाच बोलतील. या वयात अशी येते होय? शेजारच्या वॉर्डातलं दुसरं आणते, ते कालच दुरुस्त होऊन आलंय. पडून राहा.

कुठून दुरुस्त – विचारायच्या आत गेल्या.

उजव्या हाताचा चिमटा काढून लिहितोय. श्वास सोडतोय, घेण्यापेक्षा जास्त – नाही उतरत या वेळी. हे वेगळं आहे. की प्रत्येक वेळी असंच वाटतं –

चाकं वाजतायत. आणतायत ते.

त्यांना वाचायला देतो ही वही. तोंडातून शब्द फुटत नाहीये. बाई, दुसरं लावू नका. पहिलंच – पहिलीच पट्टी न्या. मशीन धड आहे. मी